ओल्या लाकडाची खुर्ची

"खुर्ची मी करतो," असं जावईबापू बोलून गेले, आणि तोंडातून सुटलेला शब्द परत घेता येत नाही हे त्यांना नेहमीप्रमाणे शब्द सुटल्यानंतर आठवलं. हॉस्पिटलच्या त्या खोलीत तेव्हा अख्खं सासर हजर होतं. पलंगावर सासरे, खुब्याचं ऑपरेशन होऊन नवा सांधा बसवलेले. उशाशी सासूबाई, पायाशी दोघी लेकी, आणि खिडकीपाशी मोबाईलवर एका खुर्चीचे फोटो फिरवून फिरवून दाखवणारे साडू.

साडूंची खुर्ची बटणावर चालणारी होती. एक बटण दाबलं की पाठ मागे जाई, दुसरं दाबलं की पाय वर येत, आणि तिसरं दाबलं की खुर्ची स्वतःच तिरकी होऊन माणसाला उभं करी. सासूबाईंच्या चेहऱ्यावर धाकट्या जावयाबद्दल जे कौतुक उमटलं, ते पाहून थोरल्या जावयाच्या पोटात दुखायला लागलं. ते वाक्य त्या दुखण्यातूनच बाहेर पडलं होतं. मग त्याला टेकू म्हणून त्यांनी डॉक्टरांना पुढे केलं. डॉक्टर म्हणाले होते की खुर्ची उंच हवी, भक्कम हवी, जोर द्यायला दोन्ही बाजूंना हात हवेत, आणि मुख्य म्हणजे बाबांनी स्वतःच्या जोरावर उठायला हवं. उठण्याचं काम जर खुर्चीनंच केलं, तर बाबांनी काय करायचं, असा सवाल जावईबापूंनी टाकला. वादात हरायची सवय झालेल्या माणसाचा मुद्दा कधी चुकून पटला, तर त्याची भलतीच पंचाईत होते. हा सगळ्यांना पटला.

खरं दुखणं खुर्चीचं नव्हतंच. सासरे उठतच नव्हते. घरी न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून त्यांचा जमिनीवरचा विश्वासच उडाला होता. दोघांनी दोन बाजूंनी धरलं तर ते कसेबसे उभे राहत आणि लगेच "बसवा, बसवा" म्हणत. हा माणूस वजनमापे खात्यात निरीक्षक होता. उभी हयात त्यांनी बाजारातले तराजू तपासण्यात घालवली होती. ते दिसले की दुकानदार आपण होऊन माप भरभरून घालत. आपल्या हाताखालून न गेलेल्या कुठल्याही वस्तूला त्यांनी जन्मात बरं म्हटलं नव्हतं, आणि हाताखालून गेलेल्या वस्तूला तर नाहीच नाही. असा माणूस आता छताकडे बघत पडून राही. डॉक्टरांनी लेकींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हाडाचं काम झालंय, मनाचं राहिलंय. येत्या दोन-तीन महिन्यांत चालले तर चालले, नाहीतर मग चालायचे नाहीत. जावईबापूंनी ते ऐकलं होतं. त्यांना सासऱ्यांची भीती वाटे, पण मायाही होती, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी वाटल्या की त्यांना रात्री पोटात गॅस होई.

लिफ्ट असलेलं घर थोरल्या जावयाचं, म्हणून सासरे हॉस्पिटलच्या व्यायाम विभागातून सुटले की तिथेच येणार हे ठरलेलं होतं. म्हणजे खुर्चीला मुदत होती.

सुतारकामात जावईबापू अगदीच कोरे होते असं नाही. त्यांच्या नावावर दोन वस्तू जमा होत्या. पहिली, चपलांची मांडणी. ती पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांची होती. लाकूड हलकं, मऊ आणि खिळा दाखवला तरी चिरणारं. फळीवर छापलेलं 'ही बाजू वर' नेमकं उलटं आणि तळाला आलं होतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढताना मान वाकडी करून ते वाचत असे. दुसरी वस्तू, बाल्कनीतल्या कुंड्यांचा स्टँड. तो दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचा. दिसायला गुळगुळीत, कापायला लोण्यासारखा. कुंड्यांना पाणी घालतात हे जावईबापूंच्या लक्षात होतं, ते पाणी खाली उतरतं हे नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तो बोर्ड चहात बुडवलेल्या पावासारखा फुगला. जावईबापू पाणीपुरवठा खात्यात नोकरीला आहेत, ही गोष्ट बायकोने त्या दिवशी पुन्हा पुन्हा बोलून दाखवली.

तेव्हा या खेपेला अस्सल, भरीव लाकूड वापरायचं हे त्यांनी पक्कं केलं. कुठलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःपाशीच ठेवायला हवा होता. पण समोरच्या फ्लॅटमध्ये सल्लागार राहत होते. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं, तो त्यांचा पिंड होता. त्यांनी आयुष्यात करवत हातात धरली नव्हती, त्यामुळे त्यांचं मन पूर्वग्रहापासून मोकळं होतं. प्लायवूड नको, थर सुटतात. जुन्या दारांचं लाकूड नको, आत वाळवी असते. नवं लाकूड नको, हल्ली ते नवं राहिलेलंच नाही. लोखंड उत्तम, पण मग त्याला सुतारकाम कोण म्हणेल? तासभर बोलून ते उठले तेव्हा जगात खुर्ची करण्याजोगा एकही पदार्थ शिल्लक उरला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात, वादळात, सोसायटीच्या आवारातलं जुनं झाड आडवं झालं.

जावईबापूंना हा दैवी संकेत वाटला. झाड कसलं होतं ते कोणालाच सांगता येईना, कारण ते उभं असताना त्याला कोणी विचारलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, हे टणक जातीचं. सल्लागार म्हणाले, हे शंभर वर्षं टिकणाऱ्या जातीचं, नाव फक्त जिभेवर येत नाहीये. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की त्याच्यावर सुरवंट फार व्हायचे. एवढ्या माहितीवर जावईबापू उद्यान विभागात अर्ज घेऊन गेले.

टेबलामागच्या कारकुनाने अर्ज शांतपणे वाचला आणि झाड पडल्याचं खात्याला अजून माहीत नाही, असं सांगितलं. जावईबापू म्हणाले की तेच सांगायला आलोय. कारकून म्हणाला, तुम्ही सांगून चालत नाही, निरीक्षकांनी पाहावं लागतं; तोपर्यंत ते झाड आमच्याकडे उभंच आहे. उभ्या झाडाचं लाकूड मागणं हा तर गुन्हा. जावईबापूंच्या अंगाला मुंग्या आल्या, कारण ही भाषा त्यांचीच होती. नळाला पाणी येत नाही असा अर्ज आला की 'नळ असल्याचा पुरावा जोडावा' असा शेरा ते स्वतः गेली कित्येक वर्षं मारत आले होते. तो शेरा इतका लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. निरीक्षक रजेवर होते, मग प्रशिक्षणाला होते, मग आले आणि पडलेल्या झाडाला पडलं म्हणून गेले. इकडे सासऱ्यांचा यायचा दिवस जवळ येत चालला होता. बायको रोज संध्याकाळी खुर्ची कुठवर आली म्हणून विचारी आणि जावईबापू "परवानगीपर्यंत" असं सांगत.

शेवटी लाकूड मिळालं. वखारीतून पाय आणि फळ्या चिरून आल्या, आणि हाताला लावून बघतात तो सगळं गार आणि ओलं. मोबाईलवरच्या सुतारकामाच्या व्हिडिओतला माणूस हसतमुखाने सांगत होता की लाकूड वाळू द्यावं, जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष. जावईबापूंच्या खुर्चीचे पाय चांगले दणकट होते. त्या हिशेबाने सासऱ्यांना बरीच वर्षं तिष्ठत उभं राहावं लागलं असतं, आणि उभं राहणं हीच तर त्यांची अडचण होती.

मग घरात वाळवण सुरू झालं. पाय फ्रीजच्या मागे, फळ्या पंख्यासमोर, खुर्चीचे हात बायकोच्या हेअर ड्रायरखाली. जावईबापू रोज सकाळी एकेक तुकडा वजनकाट्यावर ठेवत, आणि लाकडाचं वजन उतरलं की खूष होत. बायको म्हणाली की माझं वजन उतरलं तेव्हा तुमचं लक्षही गेलं नव्हतं. एका फळीला मधोमध उभी चीर गेली, एक कमान करून वर आली. तरी जावईबापूंनी धीर सोडला नाही. त्यांनी रंधा मारला, गुण्या लावून काटकोन पाहिले, पटाशीने भोकं पाडली आणि पायांची डोकी त्यांत मोगरीने ठोकून बसवली. खिळा एकही नाही. सांधे इतके घट्ट बसले की हत्तीने ओढले तरी निघाले नसते. निदान त्या दिवशी तरी.

खुर्ची उभी राहिली तेव्हा त्यांना भरून आलं. ती जराशी डुगडुगत होती, पण ते फरशीमुळे. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको म्हणाली. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. ते स्वतः तिच्यावर बसले, हातांवर जोर देऊन उठले, पुन्हा बसले. मग सगळ्या सांध्यांना सरस माखून, उरलीसुरली ओल निघून जावी म्हणून त्यांनी खुर्ची बाल्कनीत कडक उन्हात ठेवली. आणि तिथेच घात झाला.

ओलं लाकूड वाळलं की आकसतं. ही गोष्ट व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होती.

सासरे यायच्या दिवशी सकाळी जावईबापूंनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि दिवाणखान्यात आणली. खुर्ची आत आली. मागचा उजवा पाय बाल्कनीतच राहिला. मग त्यांनी पाय आणला, भोकात बसवला, तो बसला, आणि बोटाने ओढला तर निघाला. त्यांनी घाईघाईने सरस ओतला, भुसा कोंबला, कागदाची घडी सारली. डब्यावर लिहिलं होतं की जोड एक दिवस हलवू नये. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

एकच वाक्य बोलायचं होतं: खुर्ची अजून तयार नाही, बाबांना पलंगावर बसवा. पण लिफ्टचं दार उघडलं तेव्हा सासऱ्यांना एका बाजूने साडूंनी धरलं होतं, आणि त्यांची नजर सासऱ्यांच्या आधी खुर्चीवर गेली. "अरे वा," साडू म्हणाले, "खरंच केलीत की." त्या 'खरंच'पुढे जावईबापूंचं ते वाक्य आतच राहिलं. बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावून काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी मानेने काही नाही म्हटलं. आपण किती नीच आहोत हे त्यांना त्या क्षणीही कळत होतं.

सासऱ्यांना दोघांनी धरून खुर्चीत टेकवलं, आणि ते टेकायच्या आत जावईबापू खुर्चीमागे जमिनीवर बसले आणि मागचा उजवा पाय त्यांनी मुठीत घट्ट धरला.

तुम्ही खाली का बसलात, असं साडूंनी विचारलं. पाठीला बरं असतं, असं जावईबापू म्हणाले. तेवढ्यात विचारपूस करायला सल्लागार आले, त्यांनी हे ऐकलं, आणि पाठीसाठी जमिनीसारखं औषध नाही असं म्हणत तेही शेजारी मांडी घालून बसले. सासूबाई सोफ्यावर, साडू सोफ्यावर, आणि घरचा यजमान शेजाऱ्याला घेऊन खुर्चीमागे जमिनीवर, असं ते दृश्य होतं. चहा आला. जावईबापूंनी कप डाव्या हातात घेतला आणि बशी सल्लागारांच्या मांडीवर ठेवली. सासरे जरा हलले की मुठीतला पाय फिरे आणि जावईबापू मूठ आणखी आवळत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. पाय सोडला तर सासरे पडणार. पडले तर नवा सांधा मोडणार. आणि सांधा नाही मोडला तरी पुन्हा पडलेला तो माणूस परत कधी पाऊल टाकणार नव्हता. जावईबापूंच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला आणि चहात पडला.

सासऱ्यांनी खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले. कडा चाचपल्या. खोली गप्प झाली, कारण हा माणूस वस्तू तपासत असताना मध्ये बोलायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "समोर या जरा."

"इथूनच ऐकतो, बाबा."

"तोंड बघून सांगायचंय." त्यांचा आवाज थोडा कापत होता. "माझ्यासाठी कोणी अशी हातानं वस्तू केली नव्हती. चांगली झालीय."

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. लग्न झाल्यापासून हा शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता, स्वयंपाकाबद्दलही नाही. साडूंनी मोबाईल खिशात घातला. जावईबापूंनी आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते त्यांना मिळालं होतं, आणि त्यांना रडू यायला लागलं. ते समोर येत नाहीत हे पाहून सासरे त्यांना बघायला मागे वळले. भार उजवीकडे गेला. खुर्ची करकरली, आणि मुठीतल्या पायाचं डोकं भोकातून सरकताना जावईबापूंना हाताला कळलं.

"बाबा, उठा," ते म्हणाले. "हा पाय सुटा आहे. मला सकाळपासून माहीत होतं. उठा."

आणि सासरे उठले. खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकून, कोणाचाही हात न धरता, हॉस्पिटलमधल्या कुठल्याही व्यायामात उठले नव्हते इतक्या झटक्याने उठले. मागे खुर्ची तिरकी होऊन कलंडली. जावईबापूंच्या हातात पाय तसाच राहिला, दुसऱ्या हातात चहा.

सगळे त्या पायाकडे बघत होते. सासूबाई तेवढ्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही उभे आहात."

सासऱ्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. पण बसवा म्हणाले नाहीत. त्यांनी हॉस्पिटलने दिलेली काठी मागितली, काठीच्या टोकाने खुर्चीचा एकेक पाय वाजवून पाहिला, आणि जुन्या आवाजात विचारलं, "बाकीचे तीन कोणी तपासलेत?" कोणीच तपासले नव्हते. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

बायको त्या रात्री जावईबापूंना फक्त एवढंच म्हणाली की सकाळी सांगायचं होतंत. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

सासऱ्यांना बसायला सल्लागारांची ऑफिसची जुनी खुर्ची आली. ती उंच होती, मऊ होती आणि निर्दोष होती, म्हणून सासऱ्यांना तिच्यात रस नव्हता. त्यांचं मन बाल्कनीतल्या खुर्चीत होतं. सकाळी चहा झाला की ते उठत, काठी टेकत बाल्कनीत जात, खुर्चीभोवती एक फेरी मारत, आणि मग ऑफिसला निघालेल्या जावयाला हाक येई. हा सांधा सैल आहे. हा कोन चुकलाय. या फळीला बाक आलाय. संध्याकाळी जावईबापू पाचर ठोकत, रंधा मारत, आणि सासरे शेजारी उभे राहून बघत. पाचर बसली की पुन्हा फेरी, पुन्हा काठीची टकटक. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईंनी विचारलं की आजोबांना चालायला कसं लावलंत, आम्ही तर थकलो होतो. जावईबापूंनी त्यांना चहा विचारला. आपल्या चुकांच्या जोरावर दुसरा माणूस बरा होतोय हे सांगायला मोठं मन लागतं, आणि त्यांचं तेव्हा तेवढं झालं नव्हतं.

लाकूड हळूहळू पुरतं वाळलं. सांधे पुन्हा ठोकले, पाचरी बसल्या, पाय तासून सरळ झाले. एका रविवारी सासरे दुपारचे झोपले असताना जावईबापू गुपचूप बाल्कनीत गेले, खुर्चीत धपकन बसले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, शेवटी तिच्यावर उभेही राहिले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. ती डोंगरासारखी पक्की झाली होती. त्यांना इतका आनंद झाला की सल्लागारांची बेल वाजवून त्यांनाही आणून बसवलं.

सासऱ्यांच्या परत जायच्या दिवशी साडू गाडी घेऊन आले. सामान खाली गेलं. जावईबापू खुर्ची पुसून दिवाणखान्यात मधोमध ठेवून तयारच होते. आज साडूंच्या देखत खुर्ची पास होणार, आणि त्या दिवशी गेलेली अब्रू व्याजासकट परत मिळणार, हे त्यांनी मनात कित्येकदा रंगवलं होतं.

सासरे आले. त्यांनी खुर्चीभोवती फेरी मारली. दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवून ती हलवून पाहिली. खुर्ची तसूभरही हलली नाही.

"डुगडुगते," सासरे म्हणाले. "गाडीत घाला. घरी नेऊन बघावं लागेल. आणि जावईबापू, दर रविवारी तिकडे या, हत्यारं घेऊन."

साडू हसले. "अजून डुगडुगते? इतके दिवस काय केलंत मग?"

जावईबापूंचं रक्त उसळलं. ते बोलायला पुढे झाले. बसून दाखवतो, उभा राहून दाखवतो, शेजाऱ्यांना साक्षीला बोलावतो, सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. सासऱ्यांची काठी दाराशी टेकवलेली होती, ते आल्यापासून तिथेच, आणि तिच्याशिवाय सासरे खोलीभर फिरले होते. सासरे त्यांच्याकडेच बघत होते, आणि उत्तराची वाट पाहत होते.

जावईबापूंनी खुर्चीवर हात ठेवला आणि मान खाली घातली.

"हो," ते साडूंना म्हणाले, "अजून थोडी डुगडुगते."